नालबंद गेम्समधला शेवटचा डाव

"पेनबॉल हा आपल्या पाचगणीचा मानबिंदू होता!" आबासाहेब माइकवर गरजले आणि जमलेल्या वीस-पंचवीस लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पिनबॉलला पेनबॉल. एकदा नव्हे, सात वेळा. मी मोजलं, कारण व्यासपीठावर बसलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. व्यासपीठ म्हणजे चार लोखंडी खुर्च्या आणि पांढरी चादर घातलेलं एक टेबल. चौदा फुटी दुकानात माइक कशाला लागतो, हे विचारायची सोय नव्हती. आबासाहेब माजी नगराध्यक्ष होते आणि माइकशिवाय त्यांना बोलताच येत नसे. या दुकानात ते आयुष्यात दोनदा आले होते, दोन्ही वेळा मतं मागायला.

१९९३ सालच्या मार्चमधला रविवार होता. दुपारचे चार वाजले होते. 'नालबंद गेम्स' त्या दिवसानंतर उघडणार नव्हतं, म्हणून हा निरोप समारंभ ठेवला होता. भिंतीला लावून चार पिनबॉलची मशीनं उभी होती. त्यांच्यावर कुणीतरी झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मयताला घालतात तशाच. दुकानाचे मालक याकूबभाई नालबंद माझ्या शेजारी बसले होते. नेहमीचा खाकी शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. समारंभाला तरी तो काढून ठेवावा, असं त्यांना सुचलं नव्हतं.

आबासाहेबांनंतर प्रभुणे उठले. बाजारपेठेत त्यांचं औषधांचं दुकान होतं. ते खरंच खेळायचे, आठवड्यातून दोनदा, आणि हरले की मशीनला गुडघा मारायचे. एका मशीनचा पुढचा पत्रा त्यांच्या गुडघ्यानंच चेपला होता. आता त्याच पत्र्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माझं अर्धं आयुष्य इथं गेलं..." आणि त्यांना हुंदका आला. त्यांचा रुमाल इस्त्री केलेला होता. रडायचं ठरवून आलेल्या माणसाचा रुमाल.

"सरकारला हे बघवलं नाही," प्रभुणे डोळे टिपून म्हणाले. "एक साहेब येतो, आपल्या गावाशी ओळख ना पाळख, आणि म्हणतो हा जुगार आहे! आपण सगळ्यांनी प्रयत्नांची शर्थ केली. पण त्यातही एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. आपल्यातला एकच माणूस त्या साहेबासमोर जाऊन उभा राहिला. आपले उपळेकरसर!"

टाळ्या झाल्या. आबासाहेबांनी मला शाल पांघरली, नारळ दिला. मी नमस्कार केला. मान किती झुकवावी हे मला बरोबर ठाऊक असतं. तेव्हाच शिक्षक होऊन तेवीस वर्षं झाली होती.

दाराशी हौसाबाई कासुर्डे हातात झाडू घेऊन उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती. झाडू काखेत धरून.

आता थोडं मागचं सांगतो.

पाचगणी उन्हाळ्यात पर्यटकांची असते. तेव्हा या दुकानात मुंबई-पुण्याची कुटुंबं यायची, आइस्क्रीमचे हात काचेला लावून जायची. पण जूनमध्ये धुकं उतरलं की गाव रिकामं व्हायचं, आणि मग चार महिने दुकान आमचं असायचं. मी एका निवासी शाळेत गणित शिकवायचो, एकटा राहायचो. संध्याकाळी खोलीत बसून ओल्या भिंती बघण्यापेक्षा इथं बरं वाटायचं. प्रभुणे यायचे, पोस्टातले दोघे यायचे, दातांचे एक डॉक्टर यायचे. याकूबभाई स्टोव्हवर चहा करायचे. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या घोड्यांना नाल ठोकायचे, वडील टेबललँडच्या पठारावरच्या भाड्याच्या घोड्यांना. याकूबभाईंनी मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं काढून टाकलेली ही चार मशीनं आणली आणि स्वतःच्या हातानं चालती केली. आत शेकडो तारा होत्या. कुठली तार कुठं जाते याचा कागद त्यांच्याकडे नव्हता. सगळं डोक्यात.

ज्यांनी पिनबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. काचेखाली एक उतरती फळी असते. लोखंडी गोळी वर उडवायची. ती टोप्यांवर, घंट्यांवर आपटत खाली येते आणि दर आपटण्याला गुण मिळतात. खाली दोन छोटे हात असतात, बाजूची बटणं दाबली की उडतात. त्या हातांनी गोळी परत वर मारायची. चुकली की ती मधल्या फटीतून गेली. तीन गोळ्या, मग डाव संपला. ठरावीक गुण झाले की मशीन एक डाव फुकट देतं.

सगळ्यात अवघड मशीनवर एका कसरत करणाऱ्या बाईचं चित्र होतं. आम्ही तिला सर्कसवाली म्हणायचो. भिंतीवर एक फळा होता, त्यावर प्रत्येक मशीनचा सगळ्यात मोठा आकडा आणि खेळणाऱ्याचं नाव खडूनं लिहिलेलं असायचं. सर्कसवालीपुढं सहा वर्षं एकच नाव होतं: श्री. उपळेकर, एक लाख शहाऐंशी हजार. दर पावसाळ्यात ओलीनं खडू पुसट व्हायचा आणि याकूबभाई तो पुन्हा गिरवायचे. मी शाळेत कुणी नव्हतो. तीन जण माझ्यामागून येऊन विभागप्रमुख झाले होते. पण या दुकानात नवा माणूस आला की याकूबभाई फळ्याकडे बोट करून सांगायचे, "ते आमचे सर." मी लक्ष नसल्यासारखा चहा पीत राहायचो.

मग तो ऑगस्ट आला. शुक्रवार होता. हौसाबाई दुकानाच्या कोपऱ्यात छत्री निथळत उभी होती. ती एका बोर्डिंगच्या लाँड्रीत कामाला होती. सकाळी जाता जाता याकूबभाईंच्या दुकानाचा केर काढायची, काचा पुसायची. पंचेचाळिशीची, नवरा गेलेला, एक मुलगी. मनगटं एखाद्या पैलवानासारखी; दिवसाला शंभर ओल्या चादरी पिळून झाली होती तशी.

"हौसा, बस येईपर्यंत खेळ की," याकूबभाई म्हणाले.

"समद्यांच्या म्होरं?"

"मग काय झालं?"

ती सर्कसवालीपुढं जाऊन उभी राहिली. प्रभुण्यांनी मला डोळा मारला. आम्ही चहा घेतला. पहिली गोळी संपेना तेव्हा आम्ही वळून पाहिलं. दुसऱ्या गोळीला डॉक्टर उठून तिच्यामागं गेले. तिसऱ्या गोळीला सगळेच गेले, मी सोडून. घंट्यांचा आवाज मी बसल्या जागेवरून ऐकत होतो. तो थांबला तेव्हा याकूबभाईंनी खडू हातात घेतला. दोन लाख चौदा हजार. त्यांनी माझं नाव ओल्या फडक्यानं पुसलं आणि वर लिहिलं: सौ. कासुर्डे. विधवेच्या नावामागं सौ. लिहितात का, एवढंही त्या माणसाला कळत नव्हतं. किंवा तिला मान द्यायचा तर तेवढंच त्यांना येत होतं.

"सर, काय म्हणता?" प्रभुण्यांनी विचारलं. चेहरा गंभीर, पण आत उकळ्या फुटत होत्या.

"लागतं असं कधी कधी," मी म्हणालो. "आंधळ्यानंही दगड मारला तर एखादा आंबा पडतोच."

हौसाबाईनं ते ऐकलं. ती हसली. "व्हय सर, पडला खरा," म्हणाली आणि छत्री उघडून बसकडे गेली.

पुढचे चार महिने मी रोज खेळलो. एक लाख नव्वद हजारांच्या वर गेलो नाही. भेटेल त्याला मात्र पटवून सांगत राहिलो की तो योगायोग होता. संभाव्यतेच्या भाषेत सांगायचो, उदाहरणं द्यायचो. पोस्टातले दोघे मान डोलवायचे. त्यांना संभाव्यता कळत नव्हती आणि मला ते चालत होतं.

जानेवारीत नोटीस आली. कुणीतरी निनावी अर्ज केला होता. मशीन फुकट डाव देतं, म्हणजे बक्षीस देतं, म्हणजे हा जुगार आहे, असं त्यात होतं. याकूबभाईंनी ती नोटीस मला वाचायला दिली. मी ती दुकानात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मुद्दा सोपा होता. खेळ कौशल्याचा असेल तर ती करमणूक, परवाना चालू. नशिबाचा असेल तर जुगार, परवाना रद्द. परवान्याचं काम पाहणारे साहेब दौऱ्यावर येणार होते, डाक बंगल्यावर सुनावणी होती. मालकानं गावातले प्रतिष्ठित साक्षीदार आणावेत, असं लिहिलं होतं.

"मी येतो!" प्रभुणे टेबलावर हात आपटून म्हणाले.

"मी आहेच," दातांचे डॉक्टर म्हणाले.

आबासाहेबांनी निरोप पाठवला की ते स्वतः साहेबांशी बोलतील.

"सर, तुम्ही?" याकूबभाईंनी विचारलं.

"म्हणजे काय, हे विचारायचं?"

कोपऱ्यातून हौसाबाई म्हणाली, "म्या बी येऊ का भाई? फळ्यावर नाव हाय माझं."

प्रभुणे फिसकन हसले. "अहो बाई, प्रतिष्ठित म्हणतायत ते."

"येऊ द्या तिला," याकूबभाई म्हणाले.

सुनावणीच्या सकाळी प्रभुण्यांच्या मेहुणीला अचानक ताप आला. डॉक्टरांकडे कुणाची तरी दाढ निघाली. आबासाहेब साताऱ्याला गेले. डाक बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघंच होतो: याकूबभाई, मी आणि हौसाबाई. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. हिरवी जरीची साडी नेसली होती, नव्या घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. केसांना तेल. ती बाकावर अगदी कडेला बसली होती आणि ओठातल्या ओठात काहीतरी पाठ करत होती.

"काय म्हणतेस गं?" याकूबभाईंनी विचारलं.

"काय बोलायचं त्ये घोकतीया. इसरले तर?"

मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसलो. तिच्या शेजारी नाही.

शिपायानं आधी याकूबभाईंना बोलावलं. त्यांचं दहा मिनिटांत झालं. मग त्यानं माझं नाव पुकारलं. साक्षीदार एकेकटे घेत होते. मी आत गेलो आणि वीसेक मिनिटांनी बाहेर आलो. माझ्यामागं शिपाई आला. "झालं. बाकी कुणाची गरज नाही म्हणाले साहेब."

हौसाबाई उभीच राहिली होती, पदर सारखा करून. "म्हंजे मला नाय बोलवायचं?"

"नाही बाई. जा तुम्ही."

"चांगलं झालं का हो सर?" तिनं मला विचारलं.

"बघू या," मी म्हणालो आणि टेकडी उतरून शाळेत गेलो. पाचवा तास होता माझा, तो चुकवायचा नव्हता.

तीन आठवड्यांनी परवाना रद्द झाल्याचा कागद आला. याकूबभाईंनी तो कुणाला वाचायला दिला नाही. या वेळी मलाही दिला नाही. "नाही म्हणाले," एवढंच सांगितलं आणि कागद खिशात घातला. प्रभुण्यांनी साहेबाला शिव्या घातल्या. मीही दोन घातल्या. अपील करायचं का असं कुणीतरी विचारलं. याकूबभाई म्हणाले, "कशाला? त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. ते स्टोव्हला हवा भरत होते.

आणि मग हा समारंभ.

भाषणं संपल्यावर आबासाहेबांच्या हस्ते शेवटचा डाव खेळायचा, असं प्रभुण्यांनी जाहीर केलं. उद्‌घाटनं करून करून ज्यांचा हात बसलाय त्यांना समारोपही त्याच हातानं करावासा वाटतो. आबासाहेबांनी सर्कसवालीवर गोळी उडवली. ती वर गेली, एका टोपीला लागली आणि सरळ फटीतून खाली आली. सगळं मिळून चार सेकंद. आबासाहेब बटणं दाबतच राहिले. टाळ्या झाल्या. फोटो निघाला.

मग चिवडा आणि पेढे आले आणि सगळ्यांना एकदम मशीनविषयी प्रेम दाटून आलं. एक मशीन मी नेणार, माझ्या दुकानात ठेवणार, म्हणजे याकूबभाईंची आठवण राहील, असं प्रभुणे तीन जणांना वेगवेगळं सांगत होते. दातांच्या डॉक्टरांनाही एक हवं होतं. (पुढच्या मंगळवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा यातलं कुणी फिरकलं नाही. मीही माझ्या खिडकीतूनच पाहिलं.)

"हौसा," गडबडीत याकूबभाईंची हाक ऐकू आली. "तो झाडू ठेव. ये इकडं."

"आता कशाला भाई?"

"दोन गोळ्या उरल्यात आबासाहेबांच्या. ये."

ती आली. पदर खोचला. हात साडीला पुसून तिनं सर्कसवालीच्या कडेवर ठेवले. मी या वेळी उठून मागं जाऊन उभा राहिलो. शाल अजून खांद्यावर होती.

सहा वर्षं त्या मशीनवर पहिला होतो, त्यामुळे मला बघता येत होतं. माझ्याइतकं तिथं कुणालाच बघता येत नव्हतं. गोळी खाली आली. तिनं मारली नाही. मशीनचा डावा हात उचलून धरला, गोळी त्याच्या बेचक्यात येऊन थांबली. पूर्ण थांबली. मग तिनं हात सोडला, गोळी घरंगळू दिली आणि अगदी टोकावर आली तेव्हा टिचकी मारल्यासारखं बटण दाबलं. गोळी उजव्या बाजूच्या अरुंद वाटेनं वर गेली. त्या वाटेत मी दहा वेळात दोनदा गोळी घालू शकायचो. ती खाली आली. तिनं पुन्हा थांबवली, पुन्हा त्याच वाटेत. पुन्हा. आणि पुन्हा. मधल्या फटीकडे गोळी चालली की ती मनगटानं मशीनला असा हलका धक्का द्यायची, की गोळी केसभर सरकायची, पण मशीन बंद पडायचं नाही. जास्त हललं की मशीन बंद पडतं. प्रभुण्यांच्या गुडघ्यानं ते शंभर वेळा पडलं होतं.

"काय नशीब आहे बाईचं!" तोंडात पेढा असलेले प्रभुणे म्हणाले.

"नशीब नाही," याकूबभाई म्हणाले. "चार वर्षं रोज सकाळी काचा पुसून झाल्या की एक डाव खेळते. तुम्ही सगळे झोपलेले असता तेव्हा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाही, सर."

दुसरी गोळी खूप वेळानं गेली. आकडा किती झाला ते कुणी लिहिलं नाही. फळा आधीच काढून भिंतीला पाठमोरा टेकवला होता. हौसाबाईनं मशीनवरचे हात काढले, झेंडूची एक पाकळी काचेवरून बोटानं उचलली आणि वळली. मी समोरच होतो.

"सर, एक इचारू का? राग नगा मानू."

"विचारा."

"त्या दिशी मला आत बोलवलंच नाय. तुमचं झाल्यावर सायेब म्हणलं, गरज नाय. मी लई घोकून गेल्ते हो. तर तुम्ही काय सांगितलं त्यास्नी?"

आता सांगायला हवं.

साहेब तरुण होता, सभ्य होता. त्यानं मला बसायला सांगितलं. "आपण गणित शिकवता. तुमच्या शब्दाला मी वजन देईन," म्हणाला. मी तयारी करूनच गेलो होतो. कोन, वेग, सराव, सगळं नीट सांगितलं. खेळ कौशल्याचा आहे, असं स्पष्ट म्हणालो. कारकून लिहून घेत होता. साहेबाला ते पटत चाललेलं दिसत होतं. मग त्यानं समोरचे कागद चाळले.

"पंचनाम्यात दुकानातल्या फळ्याची नोंद आहे. सर्कशीचं चित्र असलेल्या मशीनपुढं पहिलं नाव कासुर्डे. हे कोण?"

"बाहेर बसल्यात त्या. लाँड्रीत काम करतात."

"आणि त्यांच्याआधी?"

"मी होतो. सहा वर्षं."

"त्या किती दिवस खेळतात?"

"मी एकदाच पाहिलंय त्यांना खेळताना."

साहेबानं पेन खाली ठेवलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग त्यांनी तुम्हाला कसं मागं टाकलं?"

'त्या माझ्यापेक्षा चांगल्या खेळतात.' चार शब्द. मराठीत याहून सोपं वाक्य नसेल. साहेबानं ते लिहून घेतलं असतं, हौसाबाईला आत बोलावलं असतं, कदाचित दुकानात येऊन तिला खेळताना बघितलंही असतं. मला ते चार शब्द येत होते. तोंडापर्यंत आलेही असतील.

"तो नशिबाचा भाग होता," मी म्हणालो.

"म्हणजे नुसत्या नशिबानं सगळ्यात मोठा आकडा होऊ शकतो?"

"होऊ शकतो."

"कौशल्य नसताना?"

"त्या बाईंच्या बाबतीत तरी, हो."

कारकुनानं ते लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी खाली सही केली, तारीख घातली. अक्षर माझं चांगलं आहे.

आणि आता ती बाई माझ्यापुढं उभी राहून, मान वर करून, मी काय सांगितलं ते विचारत होती. याकूबभाई तिच्या मागं उभे होते. त्यांनी आपला हात खाकी शर्टाच्या खिशावर ठेवला. तेव्हा मला कळलं की तो कागद त्यांनी वाचला होता, शब्दन् शब्द, आणि त्यात माझं नाव होतं.

"तुम्ही जे सांगितलं असतं, तेच," मी म्हणालो.

हौसाबाईनं वळून याकूबभाईंकडे पाहिलं. "व्हय का भाई?"

याकूबभाई माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी खिशावरचा हात खाली घेतला.

"हो," ते म्हणाले. "तुझ्याबद्दल चांगलं बोलले सर. साहेबानंच ऐकलं नाही."

"मग जाऊ द्या," ती म्हणाली. "आपुन सांगायचं त्ये सांगितलं." आणि वाकून तिनं माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकलो, पण तोवर लावून झाला होता. मग तिनं झाडू उचलला आणि लोकांनी सांडलेला चिवडा लोटायला लागली.

पुढच्याच वर्षी मला विभागप्रमुख केलं. प्रभुणे अजूनही भेटले की त्या साहेबाला शिव्या देतात आणि 'तुम्ही तरी गेलात' असं म्हणतात. मी मान जेवढी झुकवायची तेवढी झुकवतो.

याकूबभाई पाचगणी सोडून वाईला मुलीकडे राहायला गेले. दहा-अकरा वर्षं मी त्यांना भेटलो नाही. वाई अर्ध्या तासावर आहे. निवृत्त झाल्यावर एकदा दुपारी गेलो. ते ओसरीवर बसून कुणाचं तरी शिलाई मशीन उघडत होते. म्हातारे झाले होते, पण हात तसेच. मला बघून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. इकडचं तिकडचं झालं. मग मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो.

"त्या दिवशी तुम्ही माझी अब्रू राखलीत, याकूबभाई. मी कधी आभारसुद्धा मानले नाहीत."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमची?" ते म्हणाले. "तुमची अब्रू घेऊन मी काय करणार होतो, सर? तो कागद वाचला त्या दिवशी मी पायातली चप्पल हातात घेऊन तुमच्या खोलीकडे निघालो होतो. बायकोनं दार अडवलं म्हणून वाचलात."

"मग तिच्यासमोर तुम्ही..."

"तिच्यासमोर म्हणूनच. त्या कागदात काय लिहिलंय ठाऊक आहे ना? तिनं तुम्हाला हरवलं, म्हणून दुकान गेलं. जन्मात त्या बाईनं एकदाच काहीतरी जिंकलं, आणि त्याच्यापायी माझं दुकान बुडालं, हे तिला सांगू? तुम्ही खोटं बोललात तेव्हा मला बरंच वाटलं. मी फक्त हो म्हणालो."

ते पुन्हा मशीनवर वाकले. एक स्क्रू काढून त्यांनी बशीत ठेवला.

"तिला तुमचं मोठं कौतुक आहे अजून," ते वर न बघता म्हणाले. "मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला ठेवली, दुसरी तुम्हाला धाडली. माझ्यासमोर लिहून घेतला पत्ता. मिळाली होती का?"

मिळाली होती. वर हळद-कुंकू लावलेली, बोरूनं लिहिल्यासारख्या जाड अक्षरात माझं नाव, कोपऱ्यात कासुर्डे. लाँड्रीतल्या बाईकडचं लग्न, म्हणून मी ती न उघडता वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर टाकली होती.

"नाही," मी म्हणालो. "मिळाली नाही."

याकूबभाईंनी चष्मा खाली ओढला आणि पुढचा स्क्रू काढायला घेतला.